गाडीचा एसी थंड करत नाहीये? 'गॅस भरा' म्हणण्याआधी हे तपासा

मार्च सरत आला की शहरातल्या कार एसीच्या दुकानांबाहेर गाड्यांची रांग लागते. बॉनेट उघडलं जातं, दोन पाइपांना गेज लावलं जातं आणि पाच मिनिटांत निकाल येतो: 'गॅस कमी झालाय.' गॅस भरला जातो, जाळीतून गार वारा येतो, गाडीवाला पैसे देऊन खुशीत निघतो. मे महिन्याच्या मध्यावर तीच गाडी त्याच दुकानासमोर पुन्हा उभी असते. निकालही तोच असतो.

या सगळ्यात एक साधा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. आधीचा गॅस गेला कुठे?

कारच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांमधून गोल फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठून तरी बाहेर पडलेला असतो. रबरी नळ्या आणि जोडांवरच्या ओ-रिंगमधून वर्षाकाठी थोडा पाझर होतो हे खरं आहे. त्यामुळे पाच-सात वर्षांनी एकदा गॅस भरावा लागला तर त्यात वावगं काही नाही. पण दरवर्षी भरावा लागत असेल तर गाडीत गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला प्रत्येक गॅस हवेत जाणार आहे. दुसरी गोष्ट अशी की जुन्या गाडीत एसी गार न होण्याची कितीतरी कारणं गॅसशी संबंधित नसतातच. पंखा, रिले, केबल, धुळीने भरलेली जाळी असे स्वस्तातले दोष त्यामागे असतात. ते घरच्या पार्किंगमध्ये, एकही पाना न फिरवता ओळखता येतात.

इथे 'जुनी गाडी' म्हणजे साधारण दहा ते वीस वर्षं वयाची, हाताने फिरवायचे नॉब असलेली गाडी. सँट्रो, इंडिका, वॅगन आर यांच्या पिढीतली. टचस्क्रीनवर अंश निवडायच्या नव्या गाड्यांचं तत्त्व तेच आहे, पण त्यांत बरंचसं काम सेन्सर आणि कॉम्प्युटर करतो आणि निदानही स्कॅनर लावूनच होतं.

एसी उष्णता उचलून बाहेर टाकतो

एसी थंडी 'तयार' करत नाही. तो केबिनमधली उष्णता उचलतो आणि गाडीच्या नाकाशी नेऊन बाहेरच्या हवेत सोडतो. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं निदान सोपं जातं.

उष्णता उचलण्याचं काम डॅशबोर्डच्या आत बसवलेली कूलिंग कॉईल करते. तिच्यात द्रवरूप गॅस कमी दाबाखाली उकळतो. आर-१३४ए हा कारमध्ये सर्रास वापरला जाणारा गॅस खुल्या हवेच्या दाबाला उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. कॉईलमध्ये दाब असा राखलेला असतो की तो शून्याच्या किंचित वर उकळावा. उकळताना तो भोवतालची उष्णता ओढून घेतो. ब्लोअर या कॉईलवरून हवा फुंकतो आणि ती गार होऊन जाळीतून आपल्या तोंडावर येते.

वाफ झालेला गॅस मग कॉम्प्रेसरमध्ये जातो. इंजिनच्या पट्ट्यावर चालणारा हा पंप त्याला दाबून खूप गरम करतो. गरम गॅस रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये शिरतो, बाहेरच्या हवेला उष्णता देतो आणि पुन्हा द्रव होतो. वाटेत ड्रायर त्यातला ओलावा आणि कचरा टिपतो. शेवटी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून तो कॉईलमध्ये परततो.

म्हणजे एसी गार न होण्याची तीनच घराणी आहेत. गॅस नीट फिरत नाही, किंवा उष्णता बाहेर टाकली जात नाही, किंवा आत तयार झालेली गार हवा तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. तिसरं घराणं सर्वांत स्वस्त, आणि नेमकं तेच सर्वांत शेवटी तपासलं जातं.

सुरुवात जाळीपासून

गाडी सावलीत उभी करा, पार्किंग मोकळ्या जागेतलं असू द्या. इंजिन चालू ठेवून बंद गॅरेजमध्ये बसणं जिवावर बेतू शकतं, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. याच कारणाने एसी लावून उभ्या गाडीत झोप काढणंही धोक्याचं आहे.

आता ब्लोअर एकेका आकड्यावर फिरवून बघा. शेवटच्या आकड्यावर वारा जोरात येतो आणि आधीच्या एक-दोन-तीनवर काहीच नाही, असं असेल तर निदान जवळपास नक्की आहे: ब्लोअरचा रेझिस्टर जळलाय. नॉब शेवटच्या आकड्यावर असला की वीज रेझिस्टरला वगळून थेट मोटरला जाते, म्हणून तेवढा वेग शाबूत राहतो. सुटा भाग छोटा असतो आणि बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे हात घालून बदलता येतो. मात्र रेझिस्टर वरचेवर जळत असेल तर ब्लोअरची मोटर जड झाली आहे का, हेही बघायला सांगा.

सगळ्याच आकड्यांवर वारा मंद असेल तर केबिन फिल्टर काढून बघा. काही गाड्यांत तो असतो, काही जुन्या मॉडेलमध्ये मुळातच नसतो. फिल्टर नसलेल्या गाडीत वर्षानुवर्षांची धूळ, सुकी पानं आणि केस थेट कूलिंग कॉईलच्या पात्यांवर बसतात. अशा कॉईलवर ओलसर गोधडी पांघरल्यासारखा थर तयार होतो. गॅस कितीही भरा, हवाच पलीकडे जात नाही.

वारा भरपूर आहे पण कोमट आहे? मग रिसर्क्युलेशनचं, म्हणजे आतलीच हवा फिरवण्याचं बटण दाबा. आवाजात फरक पडला पाहिजे, कारण बाहेरच्या हवेची झडप बंद होऊन आतली हवा ओढली जाऊ लागते. आवाज बदललाच नाही तर ती झडप अडकलेली असण्याची शक्यता आहे. मग एसी दर क्षणी रस्त्यावरची भाजकी हवा गार करत बसतो.

यानंतर लाल-निळ्या तापमानाच्या नॉबकडे या. जुन्या गाड्यांत हा नॉब बहुधा एक तार ओढतो. ती तार एक झडप हलवते किंवा हीटरकडे जाणाऱ्या गरम पाण्याचा कॉक बंद करते, काही गाड्यांत दोन्ही. तार निसटली किंवा झडप अर्ध्यात अडकली की गार हवेत हीटरची गरम हवा मिसळत राहते. नॉब निळ्याच्या टोकाला असतो, एसी जीव तोडून काम करत असतो आणि जाळीतून येतं ते त्या दोघांचं भांडण. ओळखायची युक्ती सोपी आहे. सकाळी थंड इंजिनवर गाडी सुरू करून लगेच एसी लावा. पहिली चार-पाच मिनिटं हवा छान गार असेल आणि इंजिन तापत जाईल तशी ती कोमट होत गेली, तर संशय हीटरवर घ्या. महाराष्ट्रात हीटर वर्षातून चार वेळा लावला जातो, त्यामुळे या तारेकडे कुणाचं लक्षच जात नाही.

कॉम्प्रेसर लागतोय का?

बॉनेट उघडा. ओढणी, सैल बाही, गळ्यातली साखळी पट्ट्यापासून लांब ठेवा. रेडिएटरचा पंखा न सांगता अचानक सुरू होतो. मदतीला असलेल्या माणसाला एसीचं बटण दाबायला सांगा आणि कान द्या.

'टक्' असा आवाज यायला हवा. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी बाहेरची पुली असते, ती पट्ट्यासोबत कायम फिरते. मधली चकती, म्हणजे क्लच प्लेट, फक्त एसी लावल्यावर पुलीला चिकटून फिरू लागते. चकती फिरतेय म्हणजे कॉम्प्रेसर लागला. इंजिनचा आवाजही किंचित बदलतो.

आवाजच नाही आला तर ते लगेच 'कॉम्प्रेसर गेला' असं मानू नका. बटणापासून क्लचपर्यंत वीज येताना तिला बरीच फाटकं ओलांडावी लागतात: ब्लोअर चालू आहे का, कॉईलचा थर्मोस्टॅट परवानगी देतोय का, नळीतला दाब ठरलेल्या मर्यादेत आहे का, फ्यूज आणि रिले ठीक आहेत का. इंजिन जास्त तापलं तरी अनेक गाड्यांचा कॉम्प्युटर एसी आपणहून तोडतो. फ्यूज डोळ्यांनी दिसतो. रिलेसाठी रस्त्यावरचे मेकॅनिक वापरतात ती युक्ती चालते: त्याच पेटीत हॉर्नचा रिले अगदी त्याच नंबरचा असेल तर दोन्हींची अदलाबदल करून बघायची. एसी लागला आणि हॉर्न मुका झाला, तर चोर सापडला. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी वायर कुरतडली असेल, तर तीही इथेच दिसते.

क्लच लागतोय आणि काही सेकंदांत सुटतोय, पुन्हा लागतोय, पुन्हा सुटतोय, असं भराभर होत असेल तर गॅस कमी असण्याची शक्यता खरोखर मोठी आहे. दाब खाली गेला की सुरक्षेसाठी बसवलेला स्विच कॉम्प्रेसर तोडतो, कारण कॉम्प्रेसरला वंगण देणारं तेल गॅससोबतच फिरतं. गॅस नाही म्हणजे तेल नाही. म्हणूनच हा स्विच वायरने 'डायरेक्ट' करून देणाऱ्या मेकॅनिकपासून चार हात लांब राहिलेलं बरं. त्या दिवशी एसी चालतो, पण थोड्याच दिवसांत कॉम्प्रेसर बसतो.

आवाजावरूनही बरंच कळतं. एसी बंद असताना घरघर येते आणि एसी लावल्यावर कमी होते, तर पुलीचं बेअरिंग. एसी लावल्यावरच खडखड सुरू होते, तर बिघाड कॉम्प्रेसरच्या पोटात असू शकतो.

सिग्नलला गरम, हायवेला गार

ही तक्रार इतकी नेहमीची आहे, आणि तिच्यावर 'गॅस' हे उत्तर इतक्या वेळा दिलं जातं, की तिच्याकडे जरा थांबून बघायला हवं.

गाडी ऐंशीच्या वेगाने धावते तेव्हा कंडेन्सरवर वारा आपोआप आपटतो. सिग्नलला उभ्या गाडीत तो वारा फक्त पंख्यातून येतो. त्यामुळे वेगात गार आणि उभ्याने गरम, याचा अर्थ बहुतेक वेळा उष्णता बाहेर पडत नाहीये. एसी लावल्यावर समोरचा पंखा फिरायला हवा. काही गाड्यांत दोन पंखे असतात आणि त्यातला एक मेला तरी दुसरा फिरतोय म्हणून लक्षात येत नाही. पंखा फिरतो पण रडत फिरतो, हाही प्रकार जुन्या मोटरमध्ये असतो.

पंखा ठीक असेल तर टॉर्च मारून कंडेन्सर बघा. किडे, चिखल, प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा, दुमडलेली पाती. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत साचलेली घाण पुढून दिसतही नाही.

खात्री करायची असेल तर बागेच्या पाइपने, हलक्या धारेने कंडेन्सरवर एक-दोन मिनिटं पाणी सोडा. इंजिनवर आणि वायरिंगवर नको, आणि प्रेशर वॉशर तर नकोच, त्याने पाती मुडपतात. पाणी पडताच जाळीतली हवा चांगली गार झाली तर गॅस फिरतोय, दोष पंख्यात किंवा घाणेरड्या कंडेन्सरमध्ये आहे. फरक अजिबात पडला नाही तर शोध पुढे न्यावा लागेल. थकलेला कॉम्प्रेसरही मंद इंजिनवर असंच वागतो: आर्यलिंगला दम सोडतो आणि ॲक्सिलरेटर थोडा दाबला की गार करतो. मात्र तिथे पाणी मारून फारसा फायदा होत नाही.

अर्ध्या तासाने दमणारा एसी

पुण्याहून निघताना एसी उत्तम, लोणावळा येईपर्यंत गरम. पाच-दहा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा उत्तम. इथे एकच गोष्ट नीट बघायची: गरम होताना वाऱ्याचा *जोर* कमी झाला का?

जोर कमी झाला असेल तर कॉईलवर बर्फ जमलाय. थर्मोस्टॅट किंवा त्याचा सेन्सर कॉम्प्रेसरला वेळेवर थांबवत नाही, कॉईल शून्याखाली जाते, हवेतली वाफ तिच्यावर गोठते आणि वाट बुजते. बंद केल्यावर बर्फ वितळतो, गाडीखाली पाण्याचं थारोळं दिसतं आणि सगळं सुरळीत होतं. मंद ब्लोअर आणि चोंदलेला फिल्टर हेसुद्धा बर्फाला आमंत्रण देतात.

जोर तसाच आहे पण हवा गरम झाली, तर क्लच तापून सुटत असेल. झिजलेल्या क्लच प्लेटमधली फट वाढते. थंड असताना क्लचचं विद्युतचुंबक तिला ओढून घेतं, तापल्यावर त्याची ताकद कमी पडते. तेव्हा बॉनेट उघडून बघा, चकती थांबलेली दिसेल. अनेक कॉम्प्रेसरमध्ये ही फट पातळ वॉशर काढून कमी करता येते. अशा वेळी नवा कॉम्प्रेसर सुचवला गेला तर हा प्रश्न जरूर विचारा.

पाय ओले का होतात?

एसी चालू असताना गाडीखाली पाणी ठिबकणं हे चांगलं लक्षण आहे. कॉईलवर जमलेलं दव एका बारीक नळीतून बाहेर पडतं. ही नळी चोंदली की ते पाणी पायाखालच्या मॅटवर येतं, बहुधा ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटकडे. गाडीखालून नळी सापडली तर ती साफ करणं पाच मिनिटांचं काम आहे.

पण बोट लावून बघा. पाणी साधं, बिनवासाचं असेल तर ते दव. चिकट, गोडसर वासाचं आणि हिरवट, लाल किंवा निळसर असेल तर ते कूलंट आहे, म्हणजे हीटरची कॉईल फुटलीय. काचेवर आतून तेलकट धुकं धरणं हीही त्याचीच खूण. याकडे दुर्लक्ष केलं तर एसी राहील बाजूला, इंजिनच तापून बसेल. कूलंट विषारी असतं, त्याची चव बघू नये आणि मुलांचे हात त्यात जाऊ देऊ नयेत.

सुरुवातीच्या झोतात येणारा कुबट वास ओल्या कॉईलवरच्या बुरशीचा असतो. मुक्कामाला पोहोचायच्या चार-पाच मिनिटं आधी एसी बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवला तर कॉईल कोरडी होते. परफ्युमच्या बाटलीने वास झाकता येतो, बुरशी तिथेच राहते.

गाडी ठीक आहे, हवाच वाईट आहे

काही वेळा एसी बिघडलेला नसतो. मुंबईत ३३ अंशांना घामाघूम करणारी हवा आणि नागपूरची ४३ अंशांची कोरडी हवा, यांत एसीला जास्त जड कुठली? आकडा बघून नागपूर म्हणावंसं वाटतं. पण एक ग्रॅम वाफेचं पाणी करायला एसीला जेवढी उष्णता ओढावी लागते, तेवढ्यात एक किलो कोरडी हवा सुमारे अडीच अंशांनी थंड होते. मुंबईत कॉईलची बरीच ताकद नुसतं पाणी गाळण्यात जाते. नागपुरात उलट कंडेन्सरची परीक्षा असते: बाहेरच ४५ अंश असतील तर उष्णता टाकायला गॅसला साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापावं लागतं, आणि अशा वेळी कमजोर पंखा लगेच उघडा पडतो.

म्हणून तुलना नेमकी करा. स्वयंपाकघरातला काडीसारखा थर्मामीटर मधल्या जाळीत अडकवा, रिसर्क्युलेशन लावा, काचा बंद करा, इंजिनचा वेग साधारण १५०० फेऱ्यांवर ठेवून दहा मिनिटं थांबा. सावलीत बाहेर ३५ अंश असताना आकडा दहा-बाराच्या आसपास आला तर एसीला नावं ठेवायचं कारण नाही. विशीच्या वर अडकला तर दोष आहे. हा आकडा तारखेसह लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर तसाच पुन्हा घ्या.

आता गॅसकडे

वरचं सगळं तपासून झालं आणि कॉम्प्रेसर भराभर लागतो-सुटतो, कॉईलकडून परतणारा जाड पाइप गार लागत नाही, त्यावर दव नाही, असं असेल तर गॅसचा संशय रास्त आहे. पण गेजचे आकडे कसे वाचायचे हे थोडं माहीत असावं.

बंद गाडीला गेज लावून 'बघा, गॅस आहे' किंवा 'भरपूर आहे' असं कुणी म्हणालं तर ते अर्धसत्य आहे. ३० अंशांना बंद यंत्रणेतला आर-१३४ए सुमारे ९५ पीएसआय दाखवतो, आणि आत थोडाही द्रव शिल्लक असेपर्यंत तोच दाखवत राहतो. घरच्या सिलिंडरसारखंच हे. सिलिंडर अर्धा आहे की पाव, ते दाबावरून कळत नाही, उचलून कळतं.

खरं निदान एसी चालू असताना, दोन्ही बाजूंचा दाब एकत्र बघून होतं. लो साईड तिशीच्या आसपास आणि हाय साईड उन्हाळ्यात दोनशे ते अडीचशेच्या घरात असेल तर यंत्रणा साधारण निरोगी. दोन्ही कमी, तर गॅस कमी. दोन्ही जास्त, तर गॅस अति भरलाय, आत हवा शिरलीय किंवा कंडेन्सर थंड होत नाहीये. लो जास्त आणि हाय कमी, तर कॉम्प्रेसर थकलाय. लो जवळपास शून्यावर किंवा त्याखाली, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबलाय.

गॅस कमी निघाला की भरण्याआधी गळती शोधायला हवी. गॅससोबत तेलही बाहेर येतं, म्हणून जोडांवर, कंडेन्सरच्या कोपऱ्यांत, कॉम्प्रेसरच्या तोंडाशी तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर तिथे बोट ठेवा. चांगला एसीवाला यंत्रणेत नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावतो, किंवा रंगद्रव्य सोडून अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने बघतो. कूलिंग कॉईलमधली गळती सर्वांत त्रासाची, कारण ती दिसत नाही आणि बऱ्याच गाड्यांत तिच्यापर्यंत पोहोचायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो. स्वतः पाइपचा नट सैल करून बघू नका. बाहेर उसळणारा गॅस कातडी गोठवतो, डोळ्यांत गेला तर इजा कायमची होऊ शकते.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम पंप लावणं ही पायरी गर्दीच्या दिवसांत सर्रास गाळली जाते. दाब हवेच्या सुमारे चार टक्क्यांवर आला की ३० अंशांचं पाणीही उकळतं, म्हणजे आत शिरलेला ओलावा वाफ होऊन पंपातून निघून जातो. हे पाच मिनिटांत होत नाही, अर्धा-पाऊण तास लागतो. मग पंप बंद करून काटा जागेवर राहतो का, हे बघायचं. ओलावा आत राहिला तर तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या भोकात गोठतो आणि पुढे आतले भाग खातो.

मग गॅस वजनावर भरायचा. बॉनेटच्या आत एक स्टिकर असतो, त्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅम लिहिलेले असतात. छोट्या गाडीत ही मात्रा साधारण ४०० ते ६०० ग्रॅमच असते, त्यामुळे शंभर ग्रॅमचा अंदाज चुकला तरी फरक पडतो. 'जरा जास्तच भरा' या आग्रहाने एसी जास्त गार होत नाही, उलट हाय साईडचा दाब वाढून कमी गार होतो.

कोणता गॅस, आणि त्याने काय बिघडतं

नव्वदच्या दशकापर्यंतच्या गाड्यांत आर-१२ असायचा. तो ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार जगभर हद्दपार होत गेला. भारतात ओझोनविषयक नियम २००० साली आले. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साईडच्या तेराशे ते पंधराशे पट ताकदवान आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीत अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवायचं ठरलं आणि भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली. हिशेब करायचा तर एका छोट्या गाडीतला अर्धा किलो गॅस हवेत जाणं म्हणजे सुमारे ३०० लिटर पेट्रोल जाळण्याइतकं. गळती तशीच ठेवून दरवर्षी गॅस भरणाऱ्या गाडीचा धूर असा न दिसणारा असतो.

जुन्या आर-१२ च्या गाडीत आर-१३४ए नुसता ओतून चालत नाही. तेल, ड्रायर, सील आणि भरायचे पॉइंट बदलावे लागतात. आणि स्वस्त गॅसच्या मोहात पडू नये. एलपीजीसारखे ज्वालाग्राही वायू गार छान करतात, पण कारची कॉईल केबिनच्या हवेच्या वाटेतच असते. नकली गॅसचा धोका कल्पनेतला नाही. २०११ मध्ये जहाजांवरच्या शीतकंटेनरचे स्फोट होऊन माणसं दगावली होती आणि संशयाची सुई मिथाइल क्लोराईड मिसळलेल्या बनावट गॅसकडे गेली होती. हे रसायन ॲल्युमिनियमशी अभिक्रिया करून हवेत पेट घेणारे पदार्थ तयार करतं. कारच्या एसीतही ॲल्युमिनियम भरपूर असतं.

खर्च करावा का?

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे ती पाच-पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. नूतनीकरणाला वर्ष-दीड वर्ष उरलेल्या गाडीत कूलिंग कॉईल आणि कॉम्प्रेसर दोन्ही घालायचे की नाही, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. रेझिस्टर, रिले, पंख्याची मोटर, तार, कंडेन्सरची सफाई यांवर मात्र फार विचार करण्याची गरज नाही.

कॉम्प्रेसर आतून तुटला असेल तर केवळ तो बदलून भागत नाही. त्याचा धातूचा चुरा नळ्यांमध्ये पसरलेला असतो. नळ्या फ्लश करून ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हही बदलले नाहीत तर नवा कॉम्प्रेसर तोच चुरा गिळतो. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणलेला जुना कॉम्प्रेसर बसवतानाही हेच लागू. बिलावर गळती कुठे सापडली, किती वेळ व्हॅक्यूम केलं, किती ग्रॅम गॅस भरला, हे लिहून मागा. काम नीट करणारा एसीवाला यावर नाराज होत नाही.

बऱ्याच गाड्यांचा एसी दिवाळीनंतर थेट होळीलाच लागतो. या मधल्या काळातही आठवड्यातून एकदा दहा मिनिटं तो चालवावा. कॉम्प्रेसरच्या शाफ्टवरच्या सीलला तेल मिळतं ते फक्त गॅस फिरत असताना. महिनोन्महिने बंद राहिलेल्या गाडीत हे सील कोरडं पडून आकसतं, आणि गॅस तिथून निसटू लागतो.